आईंची एकतारी

म्हैसूरपाकाला घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही, असं सासूबाई नेहमी म्हणत. साखरेचा पाक एकतारी झाला की त्याच घडीला बेसन पडलं पाहिजे. जरा पुढे गेलं की वडीची वीट झालीच म्हणून समजा. ही विद्या त्यांनी तरुणपणी एका दाक्षिणात्य शेजारणीकडून उचलली होती, आणि तीस वर्षांत त्यांचा पाक कधी चुकला नव्हता. गेल्या दोन महिन्यांत मात्र तीनदा चुकला.

"आई, परवाच्या वडीनं माझी दाढ हलली," मुलगा दारातूनच म्हणाला. "दाताच्या डॉक्टरशी तुझं काही साटंलोटं आहे का?"

"हल्लीची साखरच मेली वाईट. तू जा, लेकीकडे बघ. उद्यापासून मलाच बघायचंय."

'उद्यापासून' ऐकून सुनेनं घड्याळाकडे पाहिलं. तिची रजा आज संपत होती. उद्या आठच्या ठोक्याला तिला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं, आणि पाच महिन्यांच्या ठकीचं दूध, झोप, आंघोळ सगळं सासूबाईंच्या हाती जाणार होतं. आजवर आंघोळ ती स्वतःच घालत आली होती; सासूबाई टॉवेल धरून उभ्या राहत. सून कामावर परत निघाली म्हणून तोंड गोड करायला हा आजचा घाट.

"तू नुसती बघ," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं थर्मामीटर लावून होत नाही हे."

सून ओट्याशी उभी राहिली. एका शेगडीवर तूप कढत होतं, दुसरीवर पाक रटरटत होता. सासूबाईंनी उलथनं उचललं, त्यावरचा थेंब निवण्याची वाट न बघता थेट चिमटीत धरला आणि अंगठा-तर्जनी सावकाश उघडली. मध्ये एक तार लांबली. स्वच्छ, न तुटणारी.

"झाली की, आई."

"छे, अजून चिकटपणाच नाही."

त्यांनी पुन्हा थेंब घेतला. आता दोन तारा आल्या. सुनेला त्या हातभरावरून दिसत होत्या. सासूबाई मात्र समोरच्या भिंतीकडे बघत बोटं चोळत होत्या, लक्ष देऊन ऐकावं तशा. ही त्यांची जुनी सवय. तार डोळ्यांनी बघायची नसते, बोटांना कळते, असं शेजारणीनं शिकवलं होतं.

"बेसन घाला, आई."

"मला शिकवतेस?"

तिसऱ्यांदा थेंब घेतला तेव्हा पाक कडेनं पांढरा पडू लागला होता. उकळता थेंब त्यांच्या बोटावर बसला आणि बसूनच राहिला. त्यांनी हात झटकला नाही, फुंकर घातली नाही, साधं 'स्स' केलं नाही. सुनेनं गॅस बंद केला आणि त्यांचा हात धरून नळाखाली नेला. तर्जनीच्या टोकाला फोड टरारला होता. त्याच्या बाजूला दोन जुने, वाळलेले.

"हे केव्हाचे?"

"स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईचे हात आहेत, तुझ्यासारखे हातमोज्यातले नव्हेत."

सुनेनं वाद घातला नाही. तिनं दोन वाट्या भरून ओट्यावर ठेवल्या. "डोळे मिटा. एक गरम, एक कोमट. गरम कुठली ते सांगा."

"परीक्षा घेतेस होय सासूची?" सासूबाई हसल्या, पण डोळे मिटले. बोटं एका वाटीत बुडवली, मग दुसरीत. पुन्हा पहिलीत. हसू हळूहळू उतरलं. कपाळावर आठी आली.

"उजवी गरम," अखेर त्या ठणकावून म्हणाल्या. "चांगलीच गरम. झालं समाधान?"

दोन्ही वाट्या सुनेनं माठातून भरल्या होत्या.

तेवढ्यात आतून ठकीचं रडणं आणि पाठोपाठ नवऱ्याची हाक आली. "आई, उठली गं ही! मी पाणी तापवून टबात काढलंय. आज तूच घाल आंघोळ, उद्याची रंगीत तालीम होऊन जाऊ दे!"

"आले रे!" सासूबाईंनी पदराला हात पुसले.

सून दारात आडवी उभी राहिली. "गरम पाण्यात विसण मी घालते, आई. आजही, उद्याही. मी कळवते कामावर."

सासूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या वाट्यांकडे. दोन्हींतून वाफ येत नव्हती. त्यांनी नजर तिथून पटकन काढून घेतली.

"माझ्या मुलाला काय सांगशील?"

"खरं तेच."

"सरक गं," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाणी निवेल."

सून सरकली नाही.