उरलेले दोन महिने

सातवा महिना संपतो न संपतो तोच कुंदाला झटके आले. आठवडाभर पाय सुजत होते, डोकं ठणकत होतं, पण बेलवलीच्या घरात सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. उल्हासनगरच्या इस्पितळात पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. पोटावर शस्त्रक्रिया करून मुलगी काढली. वजन भरलं एक किलो चारशे ग्रॅम. साल त्र्याण्णव.

कुंदाचा नवरा हिरामण अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. डॉक्टरीणबाई सिंधी होत्या, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. त्यांनी त्याला आत बोलावलं.

"काचेची पेटी एकच आहे, तिच्यात आधीच दोन मुलं झोपलीत. तुम्ही शर्ट काढा."

हिरामणला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बच्ची को गरमी चाहिए. आई शुद्धीत नाही. आजीला खोकला आहे, तिच्या हातात मी देणार नाही. उरलात तुम्ही. बाहेरच्या देशात असं करतात, मी वाचलंय. उघड्या छातीवर बाळ, वरून कापड बांधायचं."

दाराबाहेर भिमाबाई, हिरामणची आई, उभी होती. "बापयाच्या छातीला पोर बांधणार?" ती म्हणाली. "लोक काय म्हणतील रे?" पण म्हणता म्हणता तिने पिशवीतलं धुवट लुगडं काढलं आणि मधोमध फाडून नर्सच्या हातात दिलं.

मुलगी छातीवर ठेवली तेव्हा हिरामणने श्वास रोखला. तिला वजनच नव्हतं. पाठीवर बारीक सोनेरी लव, कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या शिरा मोजाव्यात. कानाची पाळी त्याच्या बोटाला लागून दुमडली, ती दुमडलेलीच राहिली. तो घाबरला.

"काही मोडलं नाही," डॉक्टरीणबाईंनी ती अलगद सरळ केली. "कानातला कडकपणा सगळ्यात शेवटी येतो. चोखणंही अजून शिकायची आहे. पोटात शिकणार होती, आता तुमच्या छातीवर शिकेल."

नाकातल्या नळीतून तिला दूध जायचं, बाजूच्या खाटेवरच्या बाळंतीण इंदुबाईचं. इंदुबाईने न मागता वाटी भरून दिली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिरामणला जाणवलं, छातीवरची हालचाल थांबलीय. ओठ निळे पडत होते. शिकवल्याप्रमाणे त्याने तिच्या पायाच्या तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मुलीने अंग आक्रसलं आणि श्वास घेतला.

"विसरतात ही मुलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परवापर्यंत श्वास घ्यायची गरजच नव्हती ना तिला. आई घेत होती दोघींचा."

हे वाक्य त्याच्या मनातून हलेना. सात महिने तो कुंदाशेजारी झोपला होता. तिच्या आत हे एवढं सगळं चाललेलं, आणि त्याने विचारलं ते फक्त जेवलीस का.

कारखान्यातला बबन भेटायला आला आणि दारातूनच ओरडला, "काय भिडू, अंडी उबवतोस काय?" हिरामणने कापड थोडं बाजूला केलं. बबनने वाकून पाहिलं. जाताना हळूच म्हणाला, "रजेचं मी बघतो साहेबांकडे. तू उठू नको."

वजन आधी उतरलं, मग थांबलं, मग रोज थोडंथोडं चढायला लागलं. विसाव्या दिवशी मुलीने त्याच्या करंगळीचं टोक ओठांत धरलं आणि ओढलं. कानाची पाळी दुमडली तर आता सावकाश परत यायची.

कुंदाला शुद्ध पाचव्या दिवशीच आली होती, पण टाके पिकले, ताप हटेना, म्हणून मुलीला तिच्यापासून लांबच ठेवलं होतं. बाविसाव्या दिवशी हिरामणने मुलगी तिच्या कुशीत दिली. मुलगी रडू लागली. कुंदाने थोपटलं, कूस बदलली, छातीशी धरलं. रडं थांबेना. हिरामणने हात पुढे केला, त्याच्या छातीशी जाताच ती गप्प झाली.

कुंदाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तिला मी माहीतच नाही. तुम्हीच घ्या."

हिरामण खाटेच्या कडेला टेकला आणि एकेक दिवस सांगत गेला. कानाची पाळी, थांबलेला श्वास, नळी, बबन. मग म्हणाला, "मी बावीस दिवस केलं तर पाठ धरली माझी. तू सात महिने हेच करत होतीस. पाणी भरत, डबे करत. मला दिसलंच नाही."

कुंदा रडत होती, पण आता त्याच्याकडे बघत होती. "कान दाखवा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने मुलीला थोडाथोडा वेळ कुंदाच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दुपारभर. मुलगी रडली की तो हात मागे बांधून उभा राहायचा. ते मात्र त्याला छातीवरच्या बावीस दिवसांपेक्षा जड गेलं. आठवड्याने मुलगी कुंदाच्या अंगावर प्यायला लागली आणि हिरामण कामावर रुजू झाला.

घरी आल्यावर भिमाबाईने नातीचं नाव उत्पला ठेवलं. उत्पला सगळं उशिरा करत होती. शेजारची, तिच्याबरोबर जन्मलेली पोरं हसायला लागली तरी ही नुसती टक लावून बघायची. "दोन महिने हिशेबात धरू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तरी हिरामण रोज कामावरून आल्यावर तिच्यासमोर वेडीवाकडी तोंडं करायचा.

साडेतीन महिन्यांची असताना एका सकाळी कुंदा तिच्या अंगाला तेल लावत होती. उत्पलाने तिच्याकडे पाहिलं आणि दात नसलेल्या हिरड्या दाखवत हसली. कुंदाचा हात तसाच थांबला. घरात दोघींशिवाय कोणी नव्हतं.

संध्याकाळी हिरामण आला, हातपाय धुतले, मुलीपुढे बसला आणि जीभ काढून दाखवू लागला. कुंदा चहा ठेवत होती. तिने काहीच सांगितलं नाही. ते पहिलं हसू एक दिवस तरी तिला स्वतःजवळच ठेवायचं होतं.