पहिला फर्मा शेवटी

त्रिविक्रम बेंगळुरात सरकारी कचेरीत कारकून होता आणि स्वभावानं अतोनात भिडस्त. तो राहायचा त्या चामराजपेटेत त्याच्या या भिडस्तपणाचं फार कौतुक. कोणी काहीही सांगितलं की हा मान डोलावून कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणून मोकळा! भीड ही भिकेची बहीण, असं म्हाताऱ्या माणसांनी उगीच म्हणून ठेवलेलं नाही. पण असलं शहाणपण ऐकून थोडंच येतं? ते अंगाशी यावं लागतं.

तर या त्रिविक्रमानं एक मराठी कादंबरी लिहिली. विषय काही लांबून आणावा लागला नाही, तो घरातच चुलीपुढे बसला होता. त्याची आई कृष्णाबाई. तिचा नवरा गेला तेव्हा त्रिविक्रम तीन वर्षांचा. थोरले दीर आप्पाजी यांनी मायलेकरांना आसरा दिला, आणि त्या आसऱ्यापायी एकोणीस वर्षं तिला स्वयंपाकघरात राबवून घेतलं. वीस माणसांचं दोन्ही वेळचं रांधायचं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं पानात घ्यायचं. त्या घरात तिला नावानं हाक मारलेली कोणाला आठवत नाही. पाहुणा आला की आप्पाजी सांगायचे, "ही आमची स्वयंपाकीण." सख्ख्या भावाची बायको! जीभ कशी झडली नाही मेल्याची.

नोकरी लागली तसा त्रिविक्रम आईला घेऊन दोन खोल्यांत राहायला आला, आणि पाच वर्षं खपून हे सगळं त्यानं कागदावर उतरवलं. कृष्णाबाईला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. इथल्या जुन्या घरांतून बोलायचं मराठी आणि शिकायचं कन्नड. मराठी लिहिणं-वाचणं त्रिविक्रम आपलं आपण शिकला होता; तिचं कन्नडही चौथीतच संपलेलं. म्हणून तो वाचून दाखवायचा आणि ती ऐकायची. एकदा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "पुट्टा, यात माझं नाव येतं काय रे?"

"गोष्टीत बदललंय, अम्मा. पण पहिल्या पानावर एकट्या तुझंच असेल. 'माझी आई कृष्णाबाई हिच्या चरणी.' छापील!"

निवडलेली भाजी तिनं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. त्या दिवसापासून तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. पुस्तक विकलं जावं, लोकांनी वाचावं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. नाव छापून यावं, एवढंच.

सत्तावन्न साली पुण्याच्या सुधींद्ररावांनी पुस्तक छापायचं कबूल केलं. बडे प्रकाशक. त्रिविक्रमाला आभाळ ठेंगणं झालं! टपालानं मुद्रितं येऊ लागली. सोळा सोळा पानांचा एकेक फर्मा. हा कचेरीतून आला की हातपाय धुऊन, देवापुढे बसावं तसा चुका काढायला बसायचा. दुसरा फर्मा आला, तिसरा आला, पार पंधरावा आला. पहिल्याचा पत्ता नाही. त्यानं भीत भीत विचारलं. उत्तर आलं:

"पहिला फर्मा नेहमी शेवटी छापतात. त्यात नामपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रकाशकाचे दोन शब्द असा किरकोळ मजकूर असतो. ती काळजी आमच्यावर सोडा. नव्या लेखकाच्या पुस्तकाला गावचा पाठिंबा लागतो. तरी तेथील चार प्रतिष्ठित मराठी गृहस्थांची नावे पाठवावीत."

त्रिविक्रम यादी करायला बसला. आता इथल्या या मराठी घरांतली एक रीत सांगतो. लग्नाची पत्रिका असो की श्राद्धाचं आमंत्रण, कुठलीही यादी घरातल्या थोरल्याच्या नावानं सुरू व्हायची. त्यात आप्पाजी इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्रिविक्रमाचा हात अडला. नकोच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण कृष्णाबाईनंच आतून विचारलं, "भावोजींचं पहिलं घातलंस ना? रीत सोडू नको हो. लोक नावं ठेवतील."

त्यानं घातलं. 'सन्माननीय' लावून घातलं. खाली लिहिलं, "अर्पणपत्रिकेचा मजकूर सोबत जोडला आहे. बाकी आपण जाणते आहात, योग्य ते करावे." वाकडा शब्द नाही, अट नाही, काही नाही. असली पत्रं लिहिणाऱ्यांचे हात कलम केले पाहिजेत.

एका रविवारी सकाळी पार्सल आलं. त्यानं सुतळी सोडवली नाही, तोडलीच. कोऱ्या कागदाचा वास, कापडी बांधणी, कण्यावर त्याचं नाव. पहिलं पान उलटलं.

'दानशूर आप्पाजी यांस. ज्यांच्या छायेत ही वेल वाढली, त्या परमपूज्य काकांच्या चरणी.'

आत सुधींद्ररावांची चिठ्ठी. आपल्या यादीतील पहिल्याच गृहस्थांनी मंडळासाठी तीनशे प्रती घेण्याचे मान्य केले, पहिले पान आपल्या नावे असावे एवढीच त्यांची इच्छा. पुस्तके बांधून झाली आहेत, आता बदल अशक्य. मातोश्रींचे नाव दुसऱ्या आवृत्तीत अवश्य घालू. असल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत नसते, हे त्रिविक्रमाला कोणी सांगावं लागलं नाही.

"आलं?" कृष्णाबाई पदराला हात पुशीत धावत आली. "कुठं आहे रे? दाखव, दाखव!"

सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं त्याला! पण त्यानं तिचा चेहरा पाहिला. आणि त्या छापील ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ."

"अय्यो, एवढं लांब?"

"पुढं 'चरणी' वगैरे आहे ना, अम्मा."

तिनं त्या ओळीवरून हात फिरवला. मग गंध उगाळलं, अक्षता आणल्या, आणि त्या पानाला गंधाक्षता वाहून पुस्तक देवापुढे ठेवलं. आठ दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक बाईनं ते पान पाहिलं. शेजारच्या गंगव्वानं डोळे पुसले. कोणालाच मराठी वाचता येत नव्हतं, तेवढीच देवाची दया.

नवव्या दिवशी जयनगरहून आप्पाजी आले. खुर्चीत टेकले, छत्री मांडीवर आडवी घेतली.

"कादंबरी काही मी वाचली नाही बाबा. वेळ कुठाय? पहिलं पान तेवढं वाचलं. फार सुरेख." ते हसले. त्रिविक्रमानं मान खाली घातली.

तेवढ्यात कृष्णाबाई पुस्तक घेऊन बाहेर आली. एकोणीस वर्षं या माणसापुढे ती कधी मान वर करून उभी राहिली नव्हती, आज राहिली. "भावोजी, बघा. माझं नाव छापून आलंय."

आप्पाजींनी चष्मा चढवला. पान पाहिलं. मग पुतण्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं उमगलं. क्षणभर वाटलं, आता बोलणार. बोलले असते तर बरं झालं असतं. पुस्तक त्यांनी त्रिविक्रमापुढे धरलं.

"मी कशाला वाचू? लेखकच वाचेल. वाच, मोठ्यानं."

त्रिविक्रमानं पुस्तक हातात घेतलं. काकांचं नाव डोळ्यांपुढे होतं. "माझी आई कृष्णाबाई हिच्या चरणी."

"ऐकू आलं नाही. स्वल्प मोठ्यानं."

त्यानं पुन्हा वाचलं. आप्पाजींनी बोटानं ताल धरला होता. तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तिसऱ्यांदा वाचलं. कृष्णाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

"बास, बास. छान वाचतोस." आप्पाजींनी पुस्तक मिटलं. "अगं, परवा मंडळाची पंचवीस माणसं जेवायला आहेत. पुस्तकाच्या सत्काराचीच पंगत. सकाळीच ये, चित्रान्न तुझ्याच हातचं पाहिजे."

"येते की! लेकाच्या पुस्तकाचं जेवण, मी नाही येणार?" तिनं डोळे पुसले. आणि लेकाला म्हणाली, "असा उभा काय राहिलास खांबासारखा? भावोजी स्वतः चालत आले आपल्या दारी. पाया पड त्यांच्या."

त्रिविक्रम वाकला.

"लिहीत जा," आप्पाजी म्हणाले.