कोरीटचा राउटर हाक मारतो

मित्रांनो, कोरीटच्या आरोग्य केंद्रात, औषधांच्या कपाटावर जी काळी पेटी लुकलुकते ना, तो मी. राउटर आहे, जुना आहे आणि फुशारकी म्हणा हवं तर, पण कामाचा आहे!

कारखान्यातून निघालो तेव्हा मला कुणीच ओळखत नव्हतं. केंद्रातली यंत्रं सांभाळणाऱ्या दिनेशने तार जोडली आणि मी पहिली हाक मारली, "मी कोरीट. कुणी आहे का?" पलीकडून जिल्ह्याच्या राउटरचं उत्तर आलं, "मी नंदुरबार. कोरीट, तुझी हाक पोचली." त्याच्या तोंडी माझं नाव आलं आणि आमचं जमलं! मग परवलीचा शब्द जुळला, एकमेकांच्या वाटा सांगून झाल्या. तापीकाठच्या सारंगखेड्याची वाट मला त्यानेच दाखवली. तेव्हापासून दर दहा सेकंदांनी आमची हाक असतेच. चाळीस सेकंद हाक आली नाही, तर शेजारी गेला असं समजून त्याची वाट पुसायची, हा आमचा रिवाज.

पाच वर्षं माझी हाक चुकली नाही. नंदुरबारहून साहेब आले, तेही म्हणाले, "गुणाचा आहे हो!" मी केवढा फुगलो होतो!

पण आमच्याकडे मिरच्या वाळत घालतात. त्यांची लाल धूळ माझ्या जाळीत बसली आणि मी तापू लागलो. पेटी पुसायची कुणाला आठवण नाही. दिनेश मनाचा हळवा. त्याला वाटलं, सारख्या हाका मारून मी दमलो. त्याने माझ्या हाका तीस सेकंदांवर नेल्या. नंदुरबारच्या मात्र दहावरच राहिल्या. झालं! नंदुरबार मला ओळखच दाखवेना. मी हाका मारत होतो आणि त्याने माझी वाटच पुसून टाकली. फार जिव्हारी लागलं मला.

नेमके तेव्हाच शेतकरी मगनआबा छाती धरून आले. कामिनी सिस्टरने हृदयाचा आलेख काढला.

"आबा, घाबरू नका. आलेख आत्ते डॉक्टरसले धाडी देस," ती म्हणाली.

आलेख जाईना. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तो पाहिल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नव्हतं. मोबाईलवर बोलणं कसंबसं व्हायचं, चित्र पोचायचं नाही. आबांचा सदरा घामाने भिजला. दिनेशने नंदुरबारच्या इंजिनिअर रविनाताईंना फोन लावला.

"काय बदललं रे?"

"ताई, राउटर बिचारा तापी ऱ्हायना व्हता, म्हनीसन त्यान्या हाका कमी करी टाक्यात."

"अरे, दोन्हीकडनी हाकासनी येळ एकच लागस ना!"

दिनेशने तिसाचे दहा केले. मी जीव एकवटून हाक मारली, "मी कोरीट." आणि उत्तर आलं, "मी नंदुरबार. कोरीट, तुझी हाक पोचली." आलेख गेला. डॉक्टरांनी सांगितलं ते इंजेक्शन कामिनीने दिलं. थोड्या वेळाने आबांनी पाणी मागितलं. दिनेश भिंतीला टेकून चक्क रडला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांची धूळ पुसत जा. आम्ही तक्रार करत नाही, नुसते तापतो.

दिनेशला मग जाळीतली धूळ दिसली आणि त्याने ती आबांना दाखवली. आता दर बाजारच्या दिवशी मगनआबा मऊ ब्रश घेऊन येतात, माझी जाळी झाडतात आणि म्हणतात, "राम राम, कोरीट!" माझं नाव घेणारे आता दोघे आहेत.