शिंगरू कोण होणार?

१९७९चा जुलै. सोन-कुल सरोवराकाठच्या कुरणावर, लोकरीच्या नमद्याच्या तंबूसमोर अनिपा उकिडवी बसली आणि गुडघ्यावरच्या छापील कागदावर तिने पेन्सिल टेकवली.

“काय चाललंय तुमचं?”

“खेळतोय,” सहा वर्षांची सोनुन मान वर न करता म्हणाली.

“आणि खेळताना शिकता काय?”

“काही नाही. खेळतोय म्हटलं ना, आपा.”

तंबूच्या दारात उभ्या झूराकानचा चेहरा उतरला. पोरं तिला एजे म्हणत, मोठ्या ताईला म्हणावं तसं; वयाने मोठ्या बाईला आपा. मेंढपाळांच्या पोरांची उन्हाळी बालवाडी ती एकटीच चालवायची. ‘आम्ही आकडे शिकतो’ एवढं एक वाक्य तिने आठवडाभर त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. अनिपा जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतून आली होती. तिच्या कागदावर ठरणार होतं, बालवाडी इथेच राहते, की आईबाप वर कुरणात असताना पोरांना उन्हाळाभर खालच्या गावात, वसतिगृहात ठेवायचं.

“मग शिकणं कशाला म्हणायचं?”

“हात मांडीवर ठेवायचे आणि एजे सांगते ते म्हणायचं,” सोनुनशेजारी बसलेला तालाय म्हणाला. “एजे आत गेली की खेळ.”

“आणि एजे खेळायला आली तर?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मग धडाच होतो तो,” सोनुन म्हणाली. “ती विचारते, किती झाले. आम्हाला माहीत असतं. तिलाच नसतं बहुतेक.”

गवतावर मेंढीच्या घोट्याची हाडं मांडली होती, त्या घोड्या. प्रत्येकीजवळ एकेक खडा, ते तिचं शिंगरू. अनिपाचा हात सवयीने पुढे गेला. तिने हाडं एका बाजूला घेतली, खडे दुसऱ्या बाजूला सारले.

“हे किती? आणि ते किती?”

“झालं!” तालाय म्हणाला. “आता पान्हा कसा सुटणार? शिंगरू तोंड लावल्याशिवाय घोडी दूध देते का कधी?”

अनिपाचा हात थांबला. तिची आई याच काठावर घोड्या पिळायची. सातव्या वर्षी अनिपाला वसतिगृहात पाठवलं, तेव्हाही घोड्या पिळायचेच दिवस होते. तिने एकेक खडा उचलून हाडांजवळ ठेवला.

“ते तिचं नाही. तिचं तांबडं,” सोनुनने दुरुस्त केलं. “आणि एक कमी पडतंय. ओढ्यात गेलं.”

“मी होऊ?” अनिपाने विचारलं, आणि कान तापले तिचे.

सोनुनने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

“शिंगरू प्रश्न विचारत नाही.”

“नाही विचारणार.”

“त्याच्याकडे कागदही नसतो,” तालाय म्हणाला.

अनिपाने कागद झूराकानच्या हाती दिला. सोनुनने तिच्या मनगटाला लोकरीची दोरी बांधली. तालाय हातापायांवर उभा राहून घोडी झाला.

“आधी थोडं प्यायचं. मग मी ओढेन, तेव्हा निघायचं,” सोनुनने बजावलं.

अनिपाने चांगल्या कोटासकट गवतात गुडघे टेकले आणि तालायच्या कुशीपाशी डोकं नेलं. दोरीला ओढ बसली. ती हलली नाही. पुन्हा ओढ बसली.

“आपा, आता सोडायचं असतं.”

अनिपाने मान तशीच खाली ठेवली.

सोनुनने दोरी सैल सोडली. “हट्टी आहे हे,” ती तालायला म्हणाली. “राहू दे त्याला आज. धार नंतर काढू.”

परतताना जीपमध्ये ‘काय शिकतात’ या रकान्यात अनिपाने लिहिलं: ‘मुलांच्या मते, काही नाही.’ आणि खालच्या ओळीत: ‘मुलांना इथून हलवू नये.’

तंबू आणखी तीन उन्हाळे टिकला. मग दुसऱ्या कोणाचा तरी कागद आला. अनिपाला मात्र त्या दोन ओळींपायी १९७९च्याच हिवाळ्यात कचेरीतल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं होतं.

झूराकान लग्न करून तलासला गेली, तिथे मुख्याध्यापिका झाली. तपासणीआधी उत्तरं घोकून घेणं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. तालाय अजून सरोवराकाठीच घोडे राखतो. सोनुन कामासाठी मॉस्कोला गेली. तिची मुलगी आजीजवळ कुरणावर वाढते. रविवारी फोन केला तर “आई, नंतर, मी खेळतेय” म्हणून ठेवून देते. सोनुन रागावत नाही.

निवृत्तीनंतर अनिपा नारिन शहरात एका चाळवजा इमारतीत राहिली. अंगणात ती जवळ आली की पोरं गप्प होत, शहाण्यासारखी “सलाम, आपा” म्हणत. म्हणून ती पलीकडच्या बाकावर, त्यांच्याकडे पाठ करून बसायला शिकली. थोड्या वेळाने मागे आवाज पुन्हा सुरू व्हायचे.