तिसरा फेटा

नानासाहेबांच्या ऑफिसात त्या दिवशी दोघांना बोलावणं होतं. चिन्मय लॅपटॉप घेऊन आला होता आणि राजनंदिनी नुसतीच पर्स घेऊन.

बीड बायपासला नानासाहेबांचं मोठं लॉन. गेल्या लग्नसराईत त्यांनी ते ज्याला त्याला भाड्यानं दिलं आणि मानपानावरून दोन लग्नांत खुर्च्या उडाल्या. भांडणं पाहुण्यांची असली तरी खुर्च्या नानासाहेबांच्या होत्या. म्हणून यंदा सगळ्या सराईची व्यवस्था एकाच माणसाच्या हाती द्यायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते काम मिळालं असतं तर सिडकोतल्या एका गाळ्यात चालणाऱ्या ‘मानपान विवाह व्यवस्था’ला कुणी किरकोळ म्हणायची हिंमत केली नसती. राजनंदिनीला ते काम हवं होतं आणि ते आपल्यालाच मिळणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

चिन्मय ज्योतीनगरचा. पुण्यात शिकून आलेला आणि तिथल्याच एका मोठ्या कंपनीची इथली शाखा सांभाळणारा. त्यानं चित्रं दाखवली. त्यात फुलांच्या झोपाळ्यातून उतरणारी नवरी होती, वरातीवर घिरट्या घालणारा ड्रोन होता, आणि नवरा-नवरी ढगांवरून चालल्यासारखी दिसावीत म्हणून जमिनीवर सोडलेला धूर होता. पोरगा हुशार होता. वर बोलायलाही गोड होता, त्यामुळे त्याच्यावर धड रागावता येईना.

“झकास,” नानासाहेब म्हणाले आणि राजनंदिनीकडं वळले. “अन् पोरी, तुझ्याकडं काय हाय?”

“माझ्याकडं आवाज हाय. अन् सोयरे हायेत.”

चिन्मय हसला. नानासाहेब हसले नाहीत.

“सोयरे तर समद्यांलाच असतात की.”

“असतात. पण कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणाशी बोलत नाय, कुणाला पुढं बसवलं की कोण उठून जातं, हे समद्यांला ठाऊक नसतं. लासूर स्टेशनपासून अजिंठ्यापर्यंत कुठल्याबी घरचं लग्न सांगा, मानाची माणसं मी सांगते. बगा विचारून.”

नानासाहेबांनी गंमत म्हणून आपल्याच बहिणीचं, वच्छलाबाईंचं सासर विचारलं. राजनंदिनीनं पटापट माणसं सांगितली आणि शेवटी म्हणाली, “पण वच्छलाआत्याच्या धाकट्या दिरांना तुमच्या शेजारी बसवायचं नाय. बांधाच्या भांडणात तुम्ही त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली व्हती.”

नानासाहेबांना एकाएकी खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला. दोघांनी एकेक लग्न करून दाखवायचं. ज्याच्या लग्नात कुणी रुसणार नाही, सराई त्याची.

राजनंदिनी बाहेर आली ती हसतच. रुसवे हा तिच्या घरचा विषय होता. तिचे वडील पुंडलिकराव, तिचे आबा, यांना लासूर पट्ट्यात कुणी रुसलं की हमखास बोलावणं यायचं. मोटरसायकलच्या टाकीवर पुढं पोरीला बसवायचं आणि निघायचं. मोठी माणसं बोलत असायची आणि ही कोपऱ्यात बसून लाडू खात ऐकायची. कुणाची सोयरीक कुठं झाली, कुठं मोडली, कोणत्या लग्नात कुणाला मानाची टोपी आली नाही, सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसायचं. शाळेत बाईंनी तिला भोचक ठरवलं होतं. वाळूजच्या कंपनीत काम करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, विश्वजीतनं, धंद्याच्या सुरुवातीला काळजीनं विचारलं होतं, “भांडवल काय आहे आपल्याकडं?” तिनं कपाळावर बोट ठेवून दाखवलं होतं. पण माईक मात्र त्या बिचाऱ्यानंच आणून दिला.

आधी चिन्मयच्या वाट्याचं लग्न झालं. नानासाहेबांनी राजनंदिनीलाही बघायला बोलावलं होतं. सजावट अशी होती की ती घटकाभर स्वतःचं काम विसरून नुसती बघत राहिली. पण फाटकातून आत येताना तिला दिसलं, की चार माणसं फेटे बांधायला बसवली आहेत आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढतो आहे. तिनं चिन्मयला बाजूला घेतलं.

“दादा, मामाचा फेटा वेगळा काढून ठेव. अन् तो मांडवात बांध, नाव पुकारून.”

“ताई, आपल्याला सगळे पाहुणे सारखेच,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. विचार चांगलाच होता. फक्त तो लग्नाच्या मांडवात आणायचा नव्हता.

मांडवात आलेल्या नवरीच्या मामानं सगळ्यांवर नजर फिरवली. ड्रोन उडवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गुलाबी फेटा. फोटोवाल्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा. तसाच आपल्याही डोक्यावर. मामानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला, गाडीत जाऊन बसला आणि एसी लावला. मामा नाही तर नवरीला मांडवात आणणार कोण? चिन्मयनं माफी मागितली, नवरीच्या बापानं पाय धरले, तेव्हा कुठं दुपार कलताना मामा गाडीतून उतरला. तोवर धूर संपला होता आणि जेवणं गार झाली होती. राजनंदिनीला चिन्मयची दया आली. बरंही वाटलं, हे तिनं कशाला नाकारावं?

पुढच्याच आठवड्यात तिच्या वाट्याचं लग्न होतं. नवरदेव अजिंठ्याचा, नवरी गंगापूरकडची. फाटकावर गुलाबपाणी, हसरं स्वागत, आणि फेटा एकालाही नाही. मानाचे मोजके केशरी फेटे तिनं व्यासपीठाजवळ घड्या घालून ठेवले होते. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं भर मांडवातून चालत यायचं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या डोक्यावर फेटा चढायचा. काठपदराच्या साडीखाली स्पोर्ट शूज घालून ती सकाळपासून भिंगरीसारखी फिरत होती. नानासाहेब मागं खांबाजवळ बसले होते. त्यांच्या शेजारी चिन्मयही येऊन बसला होता.

एकच खडा होता, आणि तो तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. नवरदेवाची आत्या म्हणजे तिची स्वतःची सरूकाकू. म्हणजे काकूचे यजमान, सर्जेराव, हे नवरदेवाच्या घरचे जावई. जावयाचा फेटा तिसरा. मामा, मग थोरले आजोबा, मग सर्जेराव.

सर्जेराव हे आबांचे धाकटे भाऊ, तिचे सख्खे काका. आबा गेल्यावर वर्षभरात तिनं धंदा सुरू केला, तेव्हा भावकीत बसून हेच काका म्हणाले होते, “आमच्या घरातल्या बायका माईकवर वरडत नसतात.” गाळ्याच्या उद्घाटनाला ते आले नाहीत आणि काकूलाही त्यांनी येऊ दिलं नाही. तेव्हापासून चुलत्या-पुतणीत शब्द नव्हता.

माईक हातात आला आणि राजनंदिनीचा आवाज लॉनभर घुमला. मामांचं नाव तिनं असं घेतलं की मामा आपोआप छाती काढून चालत आले. थोरल्या आजोबांना दोन माणसांनी धरून आणलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिची नजर पहिल्या रांगेत गेली. सर्जेरावकाका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बसले होते. आता आपलंच नाव, म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि चौथं नाव घेतलं.

तिला फार गोड वाटलं. सगळ्या मांडवासमोर, माईकवरूनच, तिनं काकांचा हिशेब चुकता केला होता. चौथा पाहुणा फेटा बांधून खाली उतरेपर्यंत तो गोडवा टिकला. मग तिला दिसलं, की काकांनी मांडीवरची टोपी हळूच उचलली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. तिचा जीव एकदम कसनुसा झाला.

काका उठले. त्यांच्यामागं लासूरहून आलेली सगळी माणसं उठली. नवरदेवाजवळ उभ्या असलेल्या सरूकाकूनं हातातलं ताट खाली ठेवलं. नवरा निघाला तर तिलाही निघावं लागणार होतं, आणि आत्या निघाली तर नवरदेव बोहल्यावर उभा राहणार नव्हता. खांबाजवळ नानासाहेब ताठ झाले.

नवरदेवाचा बाप धावला. “दाजी, आमचं काय चुकलं?”

“तुमचं काय चुकलं नाय,” काका म्हणाले आणि चालत राहिले.

रुसलेल्या माणसाच्या मागं मागं जायचं नाय, पुढं जाऊन उभं राहायचं, असं आबा म्हणायचे. राजनंदिनीनं तिसरा फेटा उचलला, आचाऱ्यांच्या चुलींमधून वाट काढली आणि काकांच्या आधी त्यांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. माईक हातातच होता.

“मंडळी, बसून घ्या,” तिचा आवाज मांडवात गेला. “तिसरा फेटा मुद्दाम मागं ठेवला व्हता. तो माझ्या सख्ख्या काकांचा हाय. तो मी माझ्या हातानं बांधणार हाय.”

तिनं माईक बंद केला. काका समोर येऊन थांबले.

“खोटं बोलतीस,” ते हळू आवाजात म्हणाले.

“व्हय.”

“नाव जाणून गाळलंस.”

“व्हय काका. जाणून गाळलं. चुकले मी.” तिनं फेटा छातीशी धरला. “उद्घाटनाच्या दिवशी मी दारात उभी राहून तुमची गाडी येती का बघत व्हते. आबा नव्हते. मग मी दुसऱ्या कुणाची वाट बघायची?”

काकांनी हात पुढं केला.

“माईक आण इकडं.”

राजनंदिनीला पुढचं दिसलं. खरं काय ते काका सगळ्या लॉनला ऐकवणार, आणि मग सराई, धंदा, नाव, सगळंच गेलं. माईक मागं घेणं तिच्या हातात होतं. पण आता पुन्हा त्यांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तिनं माईक चालू केला आणि दिला.

काकांनी तो विंचू धरावा तसा धरला.

“हॅलो. मी सर्जेराव, लासूर स्टेशन. मी रुसलो-बिसलो नाय. पुतणीच्या हातचा फेटा हाय, तो बसल्या जागी कोण बांधून घेतं? म्हणून मोकळ्यावर आलो. बसा समदे. मुहूर्त टळंल.”

सगळा मांडव हसला. सरूकाकूनं ताट पुन्हा हातात घेतलं आणि पदरानं डोळे टिपले. काकांनी टोपी काढून खिशात घातली आणि पुतणीपुढं डोकं वाकवलं.

बांधायला सुरुवात केल्यावर राजनंदिनीच्या ध्यानात आलं, की आपण जन्मात कधी फेटा बांधलेला नाही. आबा बांधायचे ते आठवून तिनं वेढे घेतले. एक वेढा कानावर आला, दुसरा भलताच वर गेला, आणि तुरा तर मोरासारखा हातभर उभा राहिला.

“आबासारखाच बांधतीस,” काका म्हणाले.

“चांगला झाला?”

“वाकडा झाला.”

लग्न मुहूर्तावर लागलं. आपल्याकडं हे इतकं क्वचित घडतं की गुरुजी चहाचा कप अर्धा टाकून पळत आले.

जेवणाच्या पंगती उठत असताना नानासाहेबांनी तिला बोलावलं. चिन्मय शेजारी होताच.

“ताई, तो रुसवाच होता ना?” त्यानं सरळ विचारलं.

“काय गं? व्हता का?” नानासाहेब म्हणाले.

नाही म्हणणं सोपं होतं. काकांनीच माईकवर साक्ष दिली होती. “व्हता नाना,” ती म्हणाली. “पण काकांचा नव्हता. माझा व्हता. लई दिवसांचा.”

नानासाहेबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. “रुसवे कुणाच्या बापाला थांबत नाईत, ते मलाबी कळतं. मला ते काढणारं माणूस पाहिजे व्हतं. पण ते माणूस रुसलेल्याच पाहुण्याच्या हाती माईक देईल, अन् वर आपली चूक कबूल करील, असं काय मला वाटलं नव्हतं.” त्यांनी ऑफिसच्या किल्ल्या तिच्यापुढं सरकवल्या. “सराई तुझी.”

राजनंदिनीनं किल्ल्या उचलल्या आणि लगेच म्हणाली, “मग उजेड, फुलं अन् ड्रोन चिन्मयचं. तसलं मला सात जन्मांत जमायचं नाय. फक्त फाटकावर फेटे बांधायचे नाईत.”

“नाही बांधणार, ताई. शप्पथ,” चिन्मय म्हणाला.

तेवढ्यात लासूरची गाडी फाटकाकडं निघाली. लग्नातला फेटा कुणी गाडीत बसेपर्यंत ठेवत नाही. जेवायला बसतानाच उतरवून पिशवीत घालतात. राजनंदिनी निरोपाला धावली आणि काचेपाशी पोचली. काका पुढच्या सीटवर बसले होते. तिनं बांधलेला तुरा गाडीच्या टपाला लागत होता, म्हणून ते मान पार छातीपर्यंत वाकवून बसले होते.

“काका, काढा की तो. लासूरपर्यंत मान मोडंल.”

“मोडू दे,” काका म्हणाले. गाडी निघाली, तरी त्यांनी फेट्याला हात लावला नाही.