वायर वाटायची राहिली

थांब मनिषा, मधी बोलू नको, मला सलग सांगू दे, न्हाई तर माझं राहूनच जाईल. तुमी नेहमी विचारता ना, रेणुका घरी झरीला आठ दिवसांसाठी जाते अन् दोन दिवसांत होस्टेलला परत काऊन येते. तर ऐका.

आमचं अन् आमच्या चुलत्याचं घर आधी एकच होतं. चुलते म्हणजे राधाकिशन अण्णा, आबांचे, माझ्या वडलांचे, थोरले भाऊ. मी चौथीत होते तवा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. मधी भिंत आली. भांडे वाटले, बैल वाटले, पाटा आमच्याकडं आला अन् वरवंटा त्यांच्याकडं गेला, हसू नका, खरंच सांगायले. फक्त केबलची वायर वाटायची राहिली. कनेक्शन अण्णांच्या नावाचं, भिंतीवरून एक फाटा आमच्याकडं. त्यांचा टीव्ही त्यांचा, आमचा आमचा, ज्याला जे पाहिजे ते त्यानं लावायचं. कुणाला कुणाशी बोलायचं कामच न्हाई. वाटणीच्या दिवशी आबा पारावर सगळ्या गावासमोर म्हणले होते, "ह्या तोंडानं तुला परत दादा म्हणणार न्हाई." दहा वर्षं म्हणले न्हाईत.

अन् मागच्या दिवाळीनंतर आबांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. पाणी पाहिजे तरी नुसतं आ, आ करायचे. परभणीचे डॉक्टर म्हणले, ह्यांना गाणे ऐकवा, गाण्याच्या नादात शब्द परत येतेत कधी कधी. तर सकाळी नवाला टीव्हीवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. एक बाई पेटी घेऊन समोर बसून गायची. आबा तिच्या ओठांकडं बघत बघत आपले ओठ हलवायचे.

मोबाईलवर? दाखवलं की अर्पिता. इतकुशा पडद्यावर त्यांना ओठच दिसत न्हाईत, डोळ्यांना बी कमी दिसायलंय ना.

जानेवारीत एका गाण्यातला "चंद्र" म्हणले. फेब्रुवारीत अख्खी ओळ म्हणले, आई भाकरी थापायली होती, तसंच पिठाच्या हातानं तिनं डोळे पुसले. अन् एक दिवस मी दारातून आले तर म्हणले, "रे…णू." मी चप्पल न काढताच आत पळाले.

मग आला मार्च. सरकारनं तारीख दिली होती, त्यानंतर डब्याशिवाय, म्हणजे सेट-टॉप बॉक्सशिवाय, केबल दिसणार न्हाई. आमच्याकडं केबल लिंबाजी काकाची. त्याला लागत होते एकशे दहा डबे, वरून आले चाळीस. आला यादी घेऊन. ज्याच्या नावाचं कनेक्शन त्याला डबा. अण्णांचं नाव होतं, आमचं न्हाई.

"वहिनी, पुढच्या खेपेला पहिला डबा तुमचा," आईला म्हणला.

अन् मी शहाणी. म्हणलं, "लिंबाजी काका, आजवर होता तसाच एक फाटा मारून दे ना."

"चित्र येईल रेणू, पण…" म्हणला अन् फोन वाजला, डबा न मिळालेल्या सत्तर घरचे लोक त्याच्या नावानं ओरडायले होते. डब्यातून निघालेल्या वायरीला फाटा मारला अन् पळाला. चित्र असं आलं, काचेवाणी. आईनं त्याला चहा बी पाजला होता.

दुसऱ्या दिवशी नवाला बाई न्हाई, बातम्या. आमच्या रिमोटचे सगळे बटण दाबले. काहीच न्हाई. मग डोक्यात उजेड पडला. डबा एक, त्याचा रिमोट अण्णांच्या हातात. अण्णा जे बघतील तेच आमाला दिसणार. नवाला अण्णा बातम्या बघायचे. चार माणसं एकदम भांडायलेत, अन् आबा त्यांच्यातले ओठ शोधायलेत. डाव्या हातानं बाजेवर थापा मारायचे. पंधरा दिवसांत "रेणू"चं "रे" झालं. मग ते बी गेलं. डिश बसवू म्हणलं तर आई म्हणायची, डबा येणारच हाय. लिंबाजी रोज उद्या म्हणायचा.

शेवटी मी गेले अण्णांकडं. रिमोटनं पाठ खाजवत बसले होते.

"अण्णा, नवाला अर्धा तास गाणे लावा ना. आबांसाठी."

"लावतो की. त्याला म्हणावं, दारात येऊन माग. दादा म्हणून माग."

"त्यांना बोलता येत न्हाई अण्णा."

"गाणं येतंय म्हणे. दादाला दोनच अक्षरं लागतेत."

आई म्हणली, जाऊ नको, मेले तरी जायचे न्हाईत ते. पण मला वाटलं, दोन अक्षरं तर हायेत. आबांना खरं सांगितलं न्हाई. म्हणलं, डॉक्टरनं शिकवायला सांगितलंय. सहा दिवस त्यांच्यासमोर बसले. दा. दा. आबा माझ्या ओठांकडं बघायचे, जसे त्या बाईकडं बघायचे तसे. सहाव्या दिवशी म्हणले. "दा…दा." हसले बी, अर्ध्या तोंडानं.

सातव्या दिवशी त्यांचा हात खांद्यावर घेतला अन् फिरायच्या नावाखाली अण्णांच्या दारात नेऊन उभं केलं. अण्णा उठून उभे राहिले, रिमोट हातातच. मी म्हणलं, "आबा, म्हणा."

आबांनी अण्णांकडं बघितलं. रिमोटकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिथं त्यांना कळलं, मी काय शिकवलं ते.

"नको," म्हणले.

अडखळले न्हाईत, काही न्हाई. आजारपणाच्या आधी बोलायचे तसे. अन् एकटेच भिंतीला धरून धरून घरी गेले.

अण्णांचं तोंड उतरलं होतं, खोटं काऊन बोलू. त्या दिवसापासून ते रोज नवाला गाणे लावतेत, आवाज सगळा वाढवून. आमचा टीव्ही आबा लावू देत न्हाईत, तर गाणे भिंतीवरून ऐकू येतेत. आबा कानावर उशी घेतेत. जूनमध्ये लिंबाजीनं आमचा डबा आणला, खोक्यासहित कपाटावर ठेवलाय. आबांनी त्याला हात लावू दिला न्हाई.

"नको"नंतर एक शब्द न्हाई. आईकडं पाणी मागतेत ते बी बोटानं. अन् मी घरी गेले, काही बोलायले, की ते माझ्या तोंडाकडं बघत न्हाईत. तेवढं बोलून होईपर्यंत दुसरीकडं बघतेत.

म्हणून दोन दिवसांत येते.