मोहरीची उशी

कोलशेतच्या हेमांगीकाकूंच्या तावडीतून ओळखीतलं एकही तान्हं बाळ सुटलेलं नव्हतं. कुठे पाळणा हलल्याचं कळलं, की यांचं शिलाई मशीन खडखडायला लागलंच. झबली, टोपडी, दुपटी, कुंच्या. पैसे घेणं सोडाच, कुणाला नको म्हणायचीही मुभा नव्हती. "हौस आहे बाई मला," म्हणायच्या, आणि हौसेपुढे कोण काय बोलणार? त्यातही मोहरी भरलेली इवलीशी उशी ही त्यांची खासियत. बाळाचं डोकं तिच्यावर छान गोल होतं, हे त्या प्रत्येक आईला दोन-दोनदा बजावत.

भाचीच्या, रसिकाच्या, लेकीचं बारसं आटोपून आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकू दुपट्याला फीत लावायला बसल्या, आणि जाडी सुई सापडेना.

एरवी एका सुईसाठी कुणी एवढा जीव टाकत नाही. पण ही मोठ्या नेढ्याची सुई त्यांनी मुद्दाम आणली होती. दिवाळीपासून त्यांना एका दोऱ्याचे दोन दिसत होते. मोतीबिंदू, दुसरं काय! केदारने, म्हणजे मुलाने, "आई, डोळे दाखवून ये," म्हणून भुणभुण लावली होती. "चष्म्याचा नंबर वाढलाय जरासा," असं सांगून काकूंनी त्याला वाटेला लावलं. खरं बाहेर पडलं असतं, तर मशीन त्याच दिवशी माळ्यावर गेलं असतं.

फरशीवरून लोहचुंबक फिरवून झाला. दोन टाचण्या तेवढ्या चिकटल्या. मग काकूंना एकदम आठवलं.

काल सकाळी बारशाला न्यायच्या उशीचं तोंड शिवून झालं होतं, पण उशी सैल वाटली. टाके उसवले, मूठभर मोहरी आणखी घातली, पुन्हा शिवलं. खाली रिक्षा उभी. त्या घाईत सुई कुठे ठेवली?

कापसाच्या उशीत असती तर दाबून तरी कळली असती. मोहरीत काय कळणार? सगळंच बोटांखाली सरकतं. आणि त्याच उशीवर रसिकाची लेक डोकं टेकून झोपलेली. टाळूसुद्धा भरली नव्हती अजून. दोनदा पदरी निराशा पडल्यावर झालेली पोर ती.

त्यांनी रसिकाला फोन लावला आणि दोन रिंग होताच कापला. काय सांगणार? एकदा सांगितलं की पुन्हा कुणी आपलं शिवलेलं बाळाच्या अंगाला लावेल? मग स्वतःचीच लाज वाटली आणि परत लावला. कुणी उचलेना. रसिकाची आई, म्हणजे वहिनीही उचलेनात. बाळ झोपलं की त्या घरात सगळे फोन मुके होत, हे काकूंना ठाऊक होतं. तरी मनात नको नको ते यायला लागलं.

चुंबक पर्समध्ये टाकून त्या रिक्षात बसल्या. कळव्याच्या पुलावर गाड्या जागच्या हलेनात.

"भाऊ, जरा घाई करा ना."

"उडून जाऊ काय मावशी? दिसतंय ना समोर?"

समोर काकूंना नुसते लाल ठिपके दिसत होते. पोर रडली तरी कुणाला काय कळणार, हाच विचार डोकं पोखरत होता. पोट दुखतंय म्हणतील. बेंबीला हिंग लावतील आणि पुन्हा त्याच उशीवर ठेवतील.

वहिनींनी ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. काकू चपलांसकट आत गेल्या आणि झोपलेलं बाळ उचलून छातीशी धरलं. ते किंचाळून रडायला लागलं.

"आत्या! काय झालं?" रसिका धावत आली.

"उशीत सुई राहिली असेल गं. माझी सुई. डोकं बघ तिचं."

रसिकाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाळाचं डोकं, मान, कानामागची जागा बोटांनी चाचपली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. काकूंनी चुंबक काढून उशीवर ठेवला आणि कात्री मागितली, तेवढ्यात फोन वाजला. कोलशेतहून काकूंचे यजमान, कुंडलिकराव होते.

"अगं, आहेस कुठे? कालचा ब्लाउज धुवायला टाकत होतो, तर त्याच्या खांद्याला तुझी ती जाडी सुई! टोचली ना मला!"

काकूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. "हेमाताई, जीव घेतला असता आमचा," म्हणत वहिनी चहा ठेवायला गेल्या. रसिकाने बाळ खांद्यावर थोपटून शांत केलं.

"दे आत्या, उशी दे. झोपली पुन्हा."

काकूंनी उशीवरचा चुंबक उचलला. त्याच्याबरोबर उशीचं कापडही वर आलं.

रसिकाने बाळ पलंगावर दूर ठेवलं आणि टाके कापून मोहरी परातीत ओतली. चुंबकाला चिकटून बाहेर आली ती बारीक सुई. पहिल्यांदा तोंड शिवलं होतं ते हिनेच. उसवल्यावर हिच्यात दोरा ओवेना, म्हणून तर जाडी घेतली होती. बारीक कुठे ठेवली, हे नंतर काकूंच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. जाडी हरवली नसती तर त्या इथे आल्याच नसत्या.

"आत्या," रसिका हळू आवाजात म्हणाली, "एवढ्यात अजून कोणाकोणाला शिवून दिलंस?"

काकूंच्या डोळ्यांपुढे एकेक पाळणा येऊ लागला. खालच्या मजल्यावरचा रत्नदीपचा मुलगा. डोंबिवलीची जुळी. आंबिवलीच्या समृद्धीचं बाळ; त्याचं दुपटं तर दुहेरी, आत कापूस घातलेलं, परवाच दिलेलं.

"मला नीट दिसत नाही गं रसिका," त्या म्हणाल्या. "समृद्धीचा नंबर तू लाव."

रसिकाने काकूंचाच फोन स्पीकरवर टाकला. तिकडून आधी रडणंच ऐकू आलं, मग समृद्धीचा दमलेला आवाज.

"बोला काकू. अहो, सकाळपासून थांबतच नाहीये हा. पोट दुखत असेल बहुतेक. हिंग पण लावला. आता तुमच्या दुपट्यात घट्ट गुंडाळून घेतलाय."

"सोड त्याला," काकू ओरडल्या. "दुपट्यातून बाहेर काढ आधी!"